टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यात? लिव्हरवर लक्ष कसं ठेवायचं ते पहिल्या दिवसापासून

घरात कुणाला टीबी निघाला की पहिला आठवडाभर कुणालाच काही सुचत नाही. एक्स-रे, थुंकीची तपासणी, कुणाला सांगायचं कुणाला नाही, पोरांना वेगळं झोपवायचं का, या सगळ्यात गोळ्यांचं पाकीट हातात येतं आणि सहा महिने रोज घ्या, एकही दिवस चुकवू नका एवढं एक वाक्य डोक्यात पक्कं बसतं. ते बरोबरच आहे. पण त्याच्यासोबत दुसरं एक वाक्य असतं, ते बऱ्याचदा गर्दीत घाईघाईत सांगितलं जातं किंवा सांगायचं राहूनच जातं, की या गोळ्या काही लोकांच्या लिव्हरला त्रास देतात आणि तो त्रास वेळेत ओळखला तर माणूस पूर्ण बरा होतो, उशीर झाला तर जीवावर बेतू शकतं. हा लेख त्या दुसऱ्या वाक्यासाठी आहे. ज्यांच्या घरी नुकताच कोर्स सुरू झालाय किंवा होणार आहे त्यांनी शांतपणे वाचा, आणि जो माणूस पेशंटसोबत राहतो त्याला तर नक्की वाचायला द्या, कारण डोळ्यांचा पिवळेपणा पेशंटच्या आधी समोरच्याला दिसतो.

आणि हो, आधीच सांगते, हे वाचून घाबरून गोळ्या बंद करायच्या नाहीत. बहुतेक लोकांचा कोर्स लिव्हरला काहीही न होता पूर्ण होतो. टीबी उपचाराविना सोडला तर तो लिव्हरच्या त्रासापेक्षा कितीतरी जास्त लोकांचा जीव घेतो.

आधी समजून घ्या, नेमकी कुठली गोळी लिव्हरला लागते

साध्या टीबीच्या कोर्समध्ये चार औषधं असतात. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पहिले दोन महिने चारही, नंतरचे चार महिने पायराझिनामाइड काढून बाकीची तीन. सरकारी केंद्रातून मिळतात त्या गोळ्यांमध्ये ही औषधं एकाच गोळीत मिसळलेली असतात आणि रोज किती गोळ्या घ्यायच्या ते पेशंटच्या वजनावरून ठरतं, म्हणून वजन नीट करून घ्या, अंदाजे सांगू नका. मोठ्या आजारात माणूस दहा-बारा किलो उतरलेला असतो आणि घरचे जुनंच वजन सांगून मोकळे होतात, असं करू नका.

यातली पहिली तीन लिव्हरला त्रास देऊ शकतात. इथॅम्ब्युटॉलचा प्रश्न लिव्हरचा नाही, नजरेचा आहे, रंग ओळखता येईनासे झाले किंवा अंधुक दिसायला लागलं तर ते वेगळं सांगायचं. त्रास देण्यात पायराझिनामाइड आणि आयसोनियाझिड पुढे. आयसोनियाझिड लिव्हरमध्ये मोडलं जाताना मधेच काही विषारी तुकडे तयार होतात, कुणाचं शरीर ते पटकन निकामी करतं, कुणाचं जन्मतःच हळू करतं, आणि कोण कुठल्या गटातला हे तोंडाकडे बघून कळत नाही. म्हणून शेजारच्या काकांना काही झालं नाही म्हणजे आपल्यालाही होणार नाही, हा हिशोब इथे चालत नाही.

आपल्या देशात हा विषय का महत्त्वाचा आहे ते एका आकड्यात सांगते. औषधांमुळे लिव्हर बिघडलेल्या पेशंटची देशभरातल्या हॉस्पिटल्सनी मिळून २०१३ ते २०१८ या काळात नोंद ठेवली होती, बाराशेच्या वर पेशंट होते, त्यात जवळपास निम्म्यांचं कारण टीबीची औषधं निघालं. त्याखालोखाल झाडपाला आणि इतर पर्यायी औषधं, मग मिरगीची औषधं. बाहेरच्या देशांत ही यादी वेगळी असते, तिथे अँटिबायोटिक वरच्या नंबरवर असतात. आपल्याकडे टीबी जास्त म्हणून टीबीच्या गोळ्यांचा त्रासही जास्त दिसतो.

गोळ्या सुरू व्हायच्या आधी

शक्य असेल तर पहिली गोळी घ्यायच्या आधीच एलएफटी म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी करून घ्या. नंतर कधी एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेली दिसली तर ती आधीपासून होती का गोळ्यांनी झाली हे ठरवायला हा पहिला रिपोर्टच उपयोगी पडतो, नाहीतर डॉक्टरही अंदाजच करत बसतात. त्यासोबत हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी मागून घ्या. एचआयव्ही आणि शुगर तर सरकारी कार्यक्रमात तपासतातच.

मग डॉक्टरांना काय काय सांगायचं. आधी कधी कावीळ झाली होती का. मिरगीच्या, शुगरच्या, बीपीच्या, सांधेदुखीच्या गोळ्या चालू आहेत का. बाई असेल तर गरोदर आहे का किंवा नुकतीच बाळंत झालीये का. घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, चूर्णाच्या पुड्या, काढ्याची पाकिटं, जे काही ती व्यक्ती घेते ते एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर टेबलावर ओता. नावं लक्षात ठेवून सांगायच्या भानगडीत पडू नका, निम्मं विसरायला होतं.

दारूचं मात्र खरं सांगायला हवं आणि इथेच गाडी अडते. बायको, आई, मुलगा शेजारी बसलेले असले की माणूस कधीतरी घेतो म्हणतो आणि प्रत्यक्षात रोजची क्वार्टर असते. घरच्यांनी अशा वेळी दोन मिनिटं बाहेर जावं, डॉक्टरांना एकट्याशी बोलू द्यावं. दारू चालू आहे म्हणून कुणी गोळ्या नाकारत नाही, उलट अशा पेशंटची एलएफटी जास्त वेळा करतात. कोर्स चालू असेपर्यंत दारू पूर्ण बंद, बियर पण दारूच, सणावाराला थोडीशी वगैरे पण नाही. सुटत नसेल तर तेही सांगा, दारू सोडवायला औषधं आणि समुपदेशन दोन्ही मिळतं.

जास्त काळजी कुणाची घ्यायची ते आता लक्षात आलं असेल. वय जास्त, अंगावर मांस नाही इतका बारीक झालेला, दारू पिणारा, आधीच लिव्हरचा आजार किंवा हिपॅटायटिस असलेला, एचआयव्ही असलेला. अशांनी पहिले दोन महिने डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण दर दोन-चार आठवड्यांनी एलएफटी करायची, बरं वाटत असलं तरी करायची. धडधाकट तरुण पेशंटला काही त्रास नसेल तर वारंवार तपासणीची गरज बहुतेक वेळा नसते, त्यांनी लक्षणांवर डोळा ठेवायचा.

पहिले दहा-पंधरा दिवस: मळमळ आणि नारिंगी लघवी

गोळ्या सुरू झाल्या की बऱ्याच जणांना मळमळतं, पोटात ढवळतं, ढेकर येतात. हे दरवेळी लिव्हर नसतं. एवढ्या गोळ्या एकदम रिकाम्या पोटी गेल्या की पोट कुरकुर करणारच. रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी चांगलं शोषलं जातं म्हणून सकाळी उठल्यावर घ्यायला सांगतात, पण अजिबात सहन होत नसेल तर डॉक्टरांना विचारून थोडं हलकं खाऊन घेता येतं. उलटी होऊन गोळ्या पडण्यापेक्षा ते केव्हाही बरं. अँटासिडचं पातळ औषध गोळ्यांसोबतच पिऊ नका, काही अँटासिड आयसोनियाझिडला नीट शोषू देत नाहीत, मधे दोन तासांचं तरी अंतर ठेवा.

आता मळमळ पोटाची का लिव्हरची हे घरी कसं ओळखायचं? शंभर टक्के ओळखता येत नाही, ते रक्तच सांगतं. पण अंदाज असा की पोटाची मळमळ गोळ्या घेतल्यावर तास-दोन तास राहते आणि मग माणूस उठून जेवतो. लिव्हरची असेल तर दिवसभर राहते, अन्नाचा वास पण नको होतो, आवडीचं ताट समोर आलं तरी बाजूला सारतो, अंगात त्राण नसतं, उजव्या बाजूला बरगडीखाली जड वाटतं. आधी चांगलं जेवायला लागलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अचानक जेवण टाकायला लागला तर ती गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. टीबी बरा व्हायला लागला की भूक वाढते, वजन वाढतं. उलटी दिशा दिसली की त्याच दिवशी एलएफटी करायची, उद्या बघू म्हणायचं नाही.

लघवीचं. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी-लाल दिसते आणि घरात घबराट होते. ती रिफाम्पिसिनच्या रंगामुळे असते, घाम आणि डोळ्यातलं पाणी पण थोडं रंगतं, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या कायमच्या डागाळतात, कोर्सभर चष्मा लावा. हा रंग निरुपद्रवी आहे. पण याचाच एक मोठा तोटा असा की पेशंटला लघवीचा रंग बदललेलाच असतो असं डोक्यात बसतं आणि मग खरी कावीळ झाली तरी तो गोळीचाच रंग समजून गप्प बसतो. फरक असा लक्षात ठेवा. गोळीचा रंग गोळी घेतल्यावर काही तासांत गडद येतो आणि संध्याकाळपर्यंत फिका होत जातो, डोळे पांढरेच असतात. काविळीत लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते, दिवसभर तशीच राहते, रात्री झोपताना पण तशीच, आणि डोळे पिवळे व्हायला लागतात. शंका आली तर डोळ्यांवर विश्वास ठेवा, लघवीवर नको.

रोज एक मिनिट

डोळे उन्हात बघायचे. खिडकीत किंवा अंगणात सकाळच्या उजेडात उभं करायचं, वर बघायला सांगायचं आणि खालची पापणी जरा ओढून पांढरा भाग बघायचा. ट्यूबलाइट नाहीतर पिवळ्या बल्बखाली बघून काही कळत नाही. आधी स्वतःचा किंवा दुसऱ्या कुणाचा डोळा शेजारी ठेवून बघा म्हणजे फरक कळेल. यासोबत एका वहीत चार गोष्टी लिहा: गोळ्या घेतल्या का, जेवण कसं झालं, उलटी झाली का, दुसरी कुठली गोळी घेतली का. आठवड्यातून एकदा वजन. एवढंच. ही वही डॉक्टरांना दाखवली की त्यांचं काम निम्म्याने सोपं होतं.

पहिले दोन महिने सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचं, बहुतेक त्रास याच काळात होतो, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून पुढे. त्यानंतर धोका कमी होतो पण संपत नाही.

चिन्हं दिसली तर नेमकं काय करायचं

हा भाग दोनदा वाचा.

डोळे पिवळे दिसले, किंवा लघवी दिवसभर काळपट आहे, किंवा सतत उलट्या आणि जेवण पूर्ण बंद झालंय, तर टीबीची पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. दोन्ही गोष्टी एकत्र. नुसत्या गोळ्या थांबवून घरी बसायचं नाही आणि गोळ्या चालू ठेवून अपॉइंटमेंटची वाट पण बघायची नाही. रविवार असला तरी सिव्हिल हॉस्पिटल, ग्रामीण रुग्णालय, मेडिकल कॉलेजची इमर्जन्सी चालू असते. टीबी केंद्रातल्या हेल्थ व्हिजिटरला किंवा आशाताईंना फोन करून सांगा, त्यांचा नंबर आधीच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. निक्षय या सरकारी टीबी नोंदणी यंत्रणेची हेल्पलाइन आहे १८००-११-६६६६, फोन फुकट लागतो.

नुसती थोडी मळमळ आहे, डोळे पांढरे आहेत, माणूस जेवतोय, तर गोळ्या बंद करायच्या नाहीत, फोन करून विचारायचं आणि एक-दोन दिवसांत एलएफटी करून घ्यायची.

बाकी तीन गोष्टी लोक हमखास करतात त्या करू नका. स्वतःहून गोळ्या अर्ध्या करणं. टीबीचे जंतू अर्ध्या डोसाला मरत नाहीत, औषधाला सरावतात आणि मग साधा टीबी एमडीआर, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना न जुमानणारा, होऊन बसतो. दुसरं, बरं वाटल्यावर स्वतःहून चारही गोळ्या परत एकदम सुरू करणं. लिव्हर एकदा दुखावलेलं असताना तेच औषध परत गेलं तर दुसरा झटका पहिल्यापेक्षा वेगाने आणि जोरात येऊ शकतो, परत सुरू करायचं काम पूर्णपणे डॉक्टरांचं. आणि तिसरं, गोळ्या कुणाला न सांगता सोडून देणं. त्रास झाला, गोळ्या टाकून दिल्या, केंद्रातून फोन आला की घेतोय म्हणून सांगितलं, असं केल्यावर काही महिन्यांनी टीबी जास्त जोराने परत येतो. कुणी रागावेल म्हणून लपवू नका, त्रास झाला हे सांगणं म्हणजे गोळ्या चुकवणं नाही.

रिपोर्ट हातात आला, आता

एलएफटीमध्ये बरीच नावं असतात, तुम्ही तीन बघा: एसजीपीटी, तिच्यासारखंच दुसरं एन्झाइम एसजीओटी, आणि बिलिरुबिन, म्हणजे काविळीत डोळे पिवळे करणारा पदार्थ. एसजीपीटीची वरची मर्यादा बऱ्याच लॅबमध्ये ४० च्या आसपास असते, रिपोर्टवर शेजारीच छापलेली असते, तीच धरा.

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर एसजीपीटी थोडी वाढणं कॉमन आहे, ६०-७०-९० अशी. माणूस बरा असतो, जेवतो, आणि गोळ्या चालू असतानाच ती परत खाली येते, लिव्हर त्या औषधाशी जुळवून घेतं. म्हणून मर्यादेच्या जरा वर आकडा गेला म्हणून घाबरून कोर्स थांबवू नका, थोड्या दिवसांनी परत तपासायचं. डॉक्टर साधारण असा नियम धरतात की लक्षणं किंवा कावीळ असेल तर मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे १२० च्या आसपास गेल्यावर लिव्हरला त्रास देणारी औषधं थांबवायची, आणि काहीच लक्षणं नसतील तर पाचपट, म्हणजे २०० च्या आसपास. हे आकडे तुम्हाला डॉक्टरांचं बोलणं कळावं म्हणून दिलेत, रिपोर्ट बघून घरी निर्णय घ्यायला नाहीत.

बिलिरुबिनचं थोडं वेगळं आहे. रिफाम्पिसिनमुळे सुरुवातीच्या दिवसांत ते एकटंच जरा वाढू शकतं, लिव्हरला इजा न होता. पण एसजीपीटी तिप्पट आणि सोबत बिलिरुबिन दुप्पट, असे दोन्ही एकत्र वाढलेले असतील तर ती गंभीर बाब आहे. औषधांनी लिव्हर बिघडून अशी कावीळ झालेल्यांपैकी दहातला जवळपास एक जण दगावतो हे डॉक्टरांना अनेक वर्षांपासून माहीत आहे. अशा वेळी पीटी-आयएनआर नावाची आणखी एक तपासणी करतात, लिव्हर रक्त गोठवणारे पदार्थ तयार करतंय का नाही हे त्यातून कळतं. पिवळेपणा बघून घरचे घाबरतात पण डॉक्टरांचं लक्ष खरं या आयएनआरवर असतं, ती वाढत चालली की लिव्हर हार मानतंय असं समजायचं.

अजून एक. गोळ्या चालू असताना कावीळ झाली म्हणजे ती गोळ्यांनीच झाली असं नसतं. आपल्याकडे पावसाळ्यात दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ पसरते, दोन्हीत चित्र अगदी सारखं दिसतं. म्हणून डॉक्टर या विषाणूंच्या तपासण्या आणि सोनोग्राफी सांगतात, पैसे उकळायला सांगतायत असं समजू नका, कारण उत्तर वेगळं निघालं तर टीबीचा पुढचा प्लॅनच बदलतो.

गोळ्या थांबवल्यानंतर पुढे काय होतं

लोक सगळ्यात जास्त इथे घाबरतात, आता टीबीचं कसं होणार म्हणून. लिव्हर बिघडवणारी औषधं थांबवली की बहुतेकांचे आकडे हळूहळू उतरतात, कुणाचे दोन आठवड्यांत, कुणाला जास्त वेळ लागतो. टीबी जोरात असेल, मेंदूचा असेल किंवा थुंकीत जंतू असतील तर तेवढ्या दिवसांसाठी लिव्हरला कमी त्रास देणारी दुसरी औषधं देतात, इथॅम्ब्युटॉल त्यातलंच एक, सोबत लिव्होफ्लॉक्सासिन नाहीतर इंजेक्शन. टीबी तेवढा गंभीर नसेल तर काही दिवस नुसतं थांबूनही चालतं.

एसजीपीटी मर्यादेच्या दुपटीच्या खाली आली, मळमळ गेली, डोळे पांढरे झाले, की औषधं एकेक करून परत आणतात. बऱ्याचदा आधी रिफाम्पिसिन, काही दिवस बघून परत एलएफटी, मग आयसोनियाझिड, परत एलएफटी. त्रास मोठा झालेला असेल तर पायराझिनामाइड बऱ्याच वेळा परत देतच नाहीत, आणि ते नसेल तर कोर्स लांबतो, नऊ महिन्यांपर्यंत जाऊ शकतो. ज्या औषधाने आकडे परत उसळतात ते कायमचं बाद. त्याचं नाव एका कागदावर लिहून आधारकार्डासोबत ठेवा, आयुष्यभर कुठल्याही डॉक्टरला दाखवायला लागेल. या सगळ्या काळात हॉस्पिटलच्या फेऱ्या वाढतात, मजुरी बुडते, पेशंट कंटाळतो. घरच्यांनी एकाने तरी सोबत जावं.

काविळीची माळ, नाकातला रस, उतरवणं

डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे पहिला सल्ला काय येतो हे सगळ्यांना माहीत आहे. अमुक गावात एक जण कावीळ उतरवतो. चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळं होतं, डोक्यावर माळ ठेवतात ती वाढत खाली उतरते, नाकात कडू दोडक्याचा नाहीतर देवडांगरीचा रस सोडतात आणि नाकातून पिवळं पाणी वाहतं. ज्यांना हिपॅटायटिस ए झालेला असतो ते यातून बरे झाल्यासारखे दिसतात, कारण तो आजार बहुतेकांचा तसाही आपोआप बरा होतो. पण टीबीच्या गोळ्यांनी झालेली कावीळ उतरवून जात नाही, ती गोळी थांबवल्यावरच थांबते. इथला सगळ्यात मोठा धोका हाच की माणूस सकाळी टीबीच्या गोळ्या घेतो आणि दुपारी माळ घालायला जातो, उतरवणाऱ्याला गोळ्यांचं माहीत नसतं आणि गोळ्या देणाऱ्याला काविळीचं माहीत नसतं. नाकातल्या रसाने नाक आतून भाजतं, सुजतं, रक्त येतं, आणि लिव्हर बिघडलेल्या माणसाचं रक्त लवकर थांबत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांची यावर श्रद्धा असते, त्यांच्याशी भांडून वेळ घालवू नका. आधी हॉस्पिटल, आधी रक्त, मग तुम्ही म्हणाल ते बघू, असं म्हणून गाडीत बसवा.

झाडपाल्याचंही तेच. नैसर्गिक आहे म्हणजे लिव्हरला चालतं असं नाही. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या काही जणांना लिव्हरचा त्रास झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं होतं, त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वाद झाला, त्यात आपल्याला पडायचं नाही. टीबीच्या गोळ्या चालू असेपर्यंत लिव्हरवर आणखी एक अनोळखी ओझं टाकायचं नाही, एवढाच माझा आग्रह आहे. लिव्हरच्या टॉनिकच्या बाटलीने पण संरक्षण मिळत नाही, तिच्या भरवशावर एलएफटी टाळू नका.

जेवणाचं पथ्य: कावीळ म्हणून हळद बंद, तेल बंद, मीठ बंद, नुसता उसाचा रस आणि मुळा, असं करून आधीच वाळलेल्या टीबीच्या पेशंटला आणखी उपाशी ठेवतात. गरज नाही. जे पचेल ते द्या, वरण-भात, दही, अंडं, उसळ, थोडं थोडं चार-पाच वेळा. रस्त्यावरचा उसाचा रस तर नकोच, त्या बर्फातून आणि पाण्यातून दुसरीच कावीळ यायची. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते, नाव नोंदलंय का ते केंद्रात विचारा. प्रायव्हेट डॉक्टरकडे उपचार असले तरी मिळतात.

तापाची गोळी आणि मेडिकलमधून आणलेलं बाकी काही

टीबीत ताप येतो म्हणून पॅरासिटामॉल घरात असतंच. ते चालतं पण मापात. धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा सांगतात, पण बारीक, उपाशी, दारू पिणाऱ्या आणि टीबीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला ती लागू करू नका, २ ग्रॅमच्या आत राहा, म्हणजे ६५० च्या जास्तीत जास्त तीन गोळ्या आणि त्याही डॉक्टरांना विचारून. गोम अशी की सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं, अंगदुखीच्या गोळीत असतं, आणि वर ताप आला म्हणून वेगळी घेतली की तिप्पट होतं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, वाचता येत नसेल तर केमिस्टला विचारा. निमेसुलाइड लिव्हरला वाईट म्हणून २०११ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे बंदी आहे, टीबीच्या पेशंटने तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

केमिस्टकडे काहीही घ्यायला गेलात तर पहिलं वाक्य हेच: टीबीच्या गोळ्या चालू आहेत. आणि रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, हे लिव्हरचं नाही पण कुणी सांगत नाही म्हणून सांगून ठेवते.

घरातल्या बाकीच्यांना प्रतिबंधक गोळ्या दिल्यात का?

पेशंटसोबत राहणाऱ्यांना टीबी होऊ नये म्हणून आता गोळ्या देतात, कुठे सहा महिने रोज आयसोनियाझिड तर कुठे आठवड्यातून एकदा असे बारा डोस. ही माणसं आजारी नसतात म्हणून लिव्हरकडे त्यांचं लक्ष कमी असतं. पण औषध तेच आहे. वर सांगितलेलं डोळ्यांचं, लघवीचं, जेवणाचं आणि दारूचं सगळं त्यांनाही लागू.

वेळ न घालवता मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं ते केव्हा

कावीळ झालेला माणूस दिवसा झोपून राहतो आणि रात्री जागा, असंबद्ध बोलतो, ओळखीच्या माणसाचं नाव चुकतो, हात पुढे धरायला सांगितले की थरथरतात, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त येतं, शौच काळी होते, पोट फुगतं. यातलं एकही दिसलं तर लिव्हर निकामी होत चाललंय असं धरा. गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून उद्या बघू म्हणाले तरी थांबू नका, १०८ ला फोन करा. शक्य असेल तर लिव्हरचे डॉक्टर आणि आयसीयू जिथे आहे तिथेच थेट जा, ट्रान्सप्लांटची सोय मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत आहे आणि तिथपर्यंत पोचायला लागणारे तास या आजारात फार महागात पडतात. चिडचिड करतोय, झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी अजिबात देऊ नका.

सोबत न्यायचं: टीबीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, आधीचे सगळे एलएफटी रिपोर्ट, ती वही, आणि निक्षय आयडी. पहिल्याच डॉक्टरला पहिलंच वाक्य सांगायचं की टीबीच्या गोळ्या चालू होत्या, शेवटची अमुक तारखेला घेतली.